भागीदारीतला डोंगर

झाब्रिनेत्स गावात शुक्रवारी संध्याकाळी कोपेल छप्परवाल्याचा आवाज प्रार्थनागृहातून निघून थेट गावच्या न्हाणीघरापर्यंत ऐकू जायचा. एरवी तो नुसता पुटपुटायचा, कारण लांबलचक प्रार्थना त्याला धड वाचता येत नसत. लहानपणी गुरुजींनी त्याला ओंडका ठरवून घरी पाठवलं होतं. पुढे तो ओंडक्यांवरच पोट भरू लागला. देवदाराचं लाकूड फोडून पातळ फळ्या काढायच्या आणि माशाच्या खवल्यांसारख्या एकीवर एक छपरावर ठोकायच्या, हा त्याचा धंदा.

पण शुक्रवारची गोष्ट वेगळी होती. देवानं सहा दिवसांत सृष्टी घडवून सातव्या दिवशी काम थांबवलं, त्याची आठवण म्हणून ज्यू लोक पाळतात तो शब्बाथ, कामबंदीचा दिवस, शुक्रवारी सूर्य मावळताच लागतो. तो सुरू झाला की मनातल्या मनात म्हणायची प्रार्थना संपते आणि मग सगळे पुरुष उभ्यानंच, एका आवाजात, आकाश आणि पृथ्वी पूर्ण झाल्याची साक्ष देतात. साक्ष म्हटल्यावर ती उभं राहूनच द्यायची आणि निदान दोघांनी मिळून द्यायची. आणि जो ही साक्ष देतो तो सृष्टी घडवण्यात देवाचा भागीदार होतो, असं जुन्या पंडितांचं म्हणणं आहे. कोपेलनं हे ऐकलं ते छपरावरून. गावचे धर्मगुरू रब्बी येरुखिम खाली शिकवत होते आणि वर कोपेल पाठशाळेचं छप्पर दुरुस्त करत होता. ते वाक्य छपराच्या भोकातून त्याच्या कानावर आलं, आणि पाठ संपेपर्यंत त्यानं ते भोक बुजवलं नाही.

तेव्हापासून कोपेल भागीदार झाला. "पाऊस त्याचा, छप्पर माझं," असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा. छप्पर गळलं तर म्हणायचा, "काम आम्हा दोघांचं आहे, निम्मी चौकशी वर करा."

"अहो भागीदार," त्याची बायको तोयबा विचारायची, "आपल्या पलंगावर जे गळतंय ते कोणत्या भागीदाराच्या वाट्याचं?"

तिच्या टोमण्यांनी कोपेलचं काही बिघडलं नाही. बिघडलं ते ब्राइंडेलच्या छपरावर.

ब्राइंडेल म्हणजे उशा भरणारी विधवा. हंसांची पिसं घ्यायची, मऊ पिसं एकीकडे, टोचणारी दुसरीकडे, असं दिवसभर खिडकीशी बसून निवडायची. तिचं लाकडी घर डोंगराच्या अगदी पायथ्याशी, उत्तरेच्या अंगाला होतं. शरदातले सण संपले की सूर्य डोंगरामागे खाली जायचा तो वसंतातल्या सणापर्यंत तिच्या खिडकीत यायचाच नाही. डोळे तरुण होते तोवर तिनं निभावलं. गेल्या हिवाळ्यात मात्र एका नव्या नवरीच्या गालात उशीतला काटा घुसला आणि उशी परत आली. यंदा आणखी एखादी परत आली असती, तर तिच्याकडे उशा भरायला कुणी दिल्या नसत्या.

छपरावर बसलेल्या कोपेलला तिनं खालून विचारलं, "कोपेल, वर एखादी खिडकी नाही का काढता येणार?"

"खिडकी काढून काय होणार, मावशी? मध्ये डोंगर आहे."

"डोंगर कुणाचा?"

कोपेलच्या तोंडात खिळे होते. ते काढून तो सहज बोलून गेला, "आमच्याकडचाच."

"असं म्हणालास?"

"म्हणालो."

सोमवारी सकाळी ब्राइंडेलनं रब्बींच्या न्यायासनापुढे दावा लावला.

रब्बींच्या घरात भट्टीजवळच्या टेबलापाशी तिघे न्यायाला बसत. मधोमध स्वतः रब्बी येरुखिम. उजवीकडे शिरक्याची पिंपं बाळगणारा अन्शेल, ज्याच्या बोलण्यालाही शिरक्याचा वास यायचा. डावीकडे शास्त्राप्रमाणे जनावर कापणारा झुंडेल. तो पहाटे उठत असल्यामुळे न्यायाच्या वेळी बहुतेक पेंगलेला असे.

"दावा काय आहे, ब्राइंडेलबाई?" रब्बींनी विचारलं.

"डोंगर हलवावा."

"कुणी?"

"यानं."

अन्शेलनं कोपेलकडे, मग खिडकीबाहेर डोंगराकडे पाहिलं. "आणि ठेवायचा कुठे?"

"ते भागीदारांनी आपसात बघावं. मी सावलीत बसणारी बाई, मला त्यातलं काय कळतं?"

"मावशी, मी गंमत केली," कोपेल म्हणाला.

"दर शुक्रवारी गंमतच करतोस का?"

रब्बींनी दाढी मुठीत धरली. गंमत म्हणून दावा काढून टाकणं त्यांना सहज जमलं असतं. पण पंडितांनी भागीदार म्हटलं असेल तर ते उगाच म्हटलं नसणार, आणि उगाच म्हटलं नसेल तर त्याला भागीदारीचे नियम लागणार, असा त्यांचा स्वभाव होता.

"पण मुख्य भागीदाराला सोडून तुम्ही याच्याकडे का आलात?" त्यांनी विचारलं.

"तो भेटत नाही. एक भागीदार परगावी असला तर गावात असेल त्याला धरायचं, असा कायदा आहे ना?"

"आहे," रब्बी म्हणाले.

झुंडेलनं एक डोळा उघडला. "तो परगावी आहे का?"

"सगळीकडे आहे म्हणतात," अन्शेल म्हणाला. "तेव्हा परगावीही असणारच."

"त्याला कळवलंत?" रब्बींनी विचारलं.

"लग्न झाल्यापासून दर शुक्रवारी दिवे लावताना कळवते. आधी नवरा असताना हळू कळवायचे, आता मोठ्यानं कळवते."

मग रब्बी कोपेलकडे वळले.

"कोपेल, सोपा मार्ग आहे. तू भागीदार नाहीस असं इथे सांग. दावा आत्ता संपेल. मात्र मग शुक्रवारी साक्षीला तू उभा राहू शकणार नाहीस. साक्ष तर द्यायची आणि भागीदारी नाकारायची, असं करता येत नाही."

कोपेलनं टोपी काढली, पुन्हा घातली. "आणि नाही सांगितलं तर?"

"तर डोंगराचं उत्तर तू द्यायचं."

"मला शुक्रवारपर्यंत वेळ द्या, रब्बी."

"दिला. पण त्याआधी आपलीच एक अडचण आहे." रब्बी आता शेजारच्या दोन न्यायाधीशांशी बोलत होते. "जो न्यायाधीश अस्सल खरा निवाडा देतो, तोही सृष्टीत देवाचा भागीदार होतो, असंही पंडित सांगतात. म्हणजे मी खरा निवाडा दिला की मी भागीदार झालो. भागीदार झालो की या दाव्यात प्रतिवादी झालो. आणि स्वतःच्या दाव्यात कुणी निवाडा देऊ शकत नाही."

"मग खोटा द्या," अन्शेल म्हणाला.

"खोटा दिला तर मी भागीदार नाही, म्हणजे मला निवाडा द्यायचा अधिकार आहे. पण दिलेला निवाडा खोटा."

अन्शेल हळूच आपला कोट आवरू लागला. "म्हणजे मी इथे बसलोय ते..."

"तूसुद्धा."

"मी झोपलो होतो," झुंडेल म्हणाला. "मी काही ऐकलेलं नाही."

ब्राइंडेल उठली. तिच्या शालीवरची पिसं जमिनीवर उडाली. "मला घाई नाही, रब्बी. मी शुक्रवारी बायकांच्या जाळीमागे बसते. उभं राहून जो जो साक्ष देईल तो तो भागीदार. मी त्यांनाही दाव्यात घेईन. सगळ्यांनी मिळून ढकललात तर डोंगर हलेलही."

ही बातमी दुपारपर्यंत गावभर झाली. पिठाच्या गिरणीत, न्हाणीघरात, सगळीकडे एकच हिशेब चालला: मनातल्या मनात म्हटलेलं धरलं जातं का? शेवटी असं ठरलं की मनातलं ब्राइंडेलला ऐकू जात नाही, मोठ्यानं म्हटलेलंच काय ते धोक्याचं.

कोपेल आठवडाभर छपरावर गेला नाही. अंगणात बसून फळ्या तासायचा आणि तासलेल्या पुन्हा तासायचा, इतक्या की त्यांतून प्रकाश दिसू लागला.

"नाकारून टाका ना," गुरुवारी तोयबा म्हणाली. "काय जाणार आहे तुमचं? रविवारी छपरावर चढाल, तसेच चढाल."

"चढेन. उतरल्यावर मात्र कुणी नसेन."

"आणि माझ्यासाठी कोण होतात इतकी वर्षं?"

कोपेलनं हातातली फळी खाली ठेवली. "तू मला ओंडका असताना घेतलंस, तोयबा. ते मोठंच आहे. पण वरच्यानं मला भागीदार म्हणून घेतलं. असं मला दुसरं कुणी घेतलेलं नाही."

तोयबानं त्याची शुक्रवारची टोपी घासायला घेतली.

शुक्रवारी प्रार्थनागृह गच्च भरलं, कारण कोण काय करतंय हे पाहायला न येणारेही आले होते. जाळीमागे बायका बसल्या होत्या आणि पहिल्या बाकावर, जाळीला नाक लावून, ब्राइंडेल. मनातली प्रार्थना सुरू झाली. सगळे उभे, पुढेमागे झुलत. एरवी घाईनं उरकणारे आज शब्द न् शब्द चावत होते, कारण ती संपली की पुढचं येणार होतं.

अखेर संपली. आता जसे उभे आहेत तसेच राहून सगळ्यांनी साक्षीला सुरुवात करायची. एक बाक करकरला. अन्शेल खाली बसला होता. त्याच्याकडे पाहून गिरणीवाला बसला, मग झुंडेल, मग वाऱ्यानं शेत आडवं व्हावं तशी सगळी रांग बसली. रब्बी तेवढे उभे होते, पण गप्प. त्यांनी साक्ष दिली तर ते दाव्यात आले असते आणि निवाडा द्यायला गावात कुणी उरलं नसतं.

मेणबत्त्या कमी होत होत्या. घरोघरी भट्टीत सूप आटत होतं. आकाश आणि पृथ्वी पूर्ण झाली आहे असं त्या संध्याकाळी झाब्रिनेत्समध्ये कुणी म्हणत नव्हतं.

कोपेलही बसला होता. बसून राहिलं की झालं, त्याला कळत होतं. डोंगर नाही, दावा नाही. त्याला छपरातलं ते भोक आठवलं आणि त्यातून वर आलेली ऊब.

तो उठला आणि साक्ष देऊ लागला. आवाज त्याचा नेहमीचाच होता, पण एरवी गर्दीच्या आवाजावर तरंगणारा आज भिंतींवर आपटून परत येत होता. दोन ओळी झाल्या आणि तो थांबला. एकट्याची साक्ष साक्ष नसते, हे ओंडक्यालाही ठाऊक होतं. त्यानं डावीकडे पाहिलं. अन्शेल स्वतःच्या बुटांकडे पाहत होता. उजवीकडे पाहिलं. गिरणीवाल्यालाही बूट होतेच.

तेवढ्यात जाळीमागून आवाज आला, घोगरा, कोपेल जिथे थांबला होता तिथूनच पुढचा. कोपेलनं वर न बघता तिच्या आवाजात आवाज मिसळला. दोघांनी शेवटपर्यंत म्हटलं.

"ब्राइंडेल," कुणीतरी कुजबुजलं, "तुझंच नाव आता दाव्यात आलं की."

"आलं तर आलं," ती जाळीतूनच म्हणाली. "आकाश-पृथ्वी झालीच नाही असं ठरलं, तर मी डोंगर कुणाकडे मागू? आणि तो एकटा उभा बघवेना. माझा दावा डोंगरावर आहे, शब्बाथवर नाही. माझंसुद्धा सूप भट्टीत आहे."

"पण बाईची साक्ष शास्त्रात धरत नाहीत..." अन्शेलनं तोंड उघडलं.

"साक्षीबद्दल वाद आहे," रब्बी म्हणाले. आठवडाभरात पहिल्यांदाच त्यांचा चेहरा खुलला होता. "भागीदारीबद्दल नाही. प्रत्येक मूल तिघांच्या भागीदारीत होतं, देव, बाप आणि आई. तुझ्या आईला विचार." मग ते अन्शेलकडे बघत राहिले.

अन्शेल उठला. त्याच्यामागून सगळी रांग उठली आणि रब्बी सोडून सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून साक्ष दिली. लाज वाटत असल्यामुळे जरा जास्तच मोठ्यानं.

रविवारी रब्बींनी निवाडा दिला. "डोंगर हे मोठ्या भागीदाराचं काम आहे. त्याच्या संमतीशिवाय दुसरा भागीदार ते मोडू शकत नाही, आणि संमती आलेली नाही. घर मात्र माणसाच्या हातचं आहे, म्हणजे आमच्या वाट्याचं. तेव्हा डोंगर राहील आणि घर हलेल. सावलीबाहेर, गावच्या कुरणात. प्रतिवादींनी हलवावं." एवढं बोलून ते थांबले आणि निवाडा खरा आहे का, हे मनात तपासू लागले. तो खरा होता. "म्हणजे मीही प्रतिवादी," असं म्हणून त्यांनी बाह्या सरसावल्या.

"आणि वादी?" अन्शेलनं विचारलं.

"वादीनं शुक्रवारी साक्ष दिली आहे. तिनंही ढकलावं."

मातीची भट्टी आणि धुराडं आधी पाडलं. छपराचं ओझं कमी व्हावं म्हणून कोपेलनं आपणच ठोकलेल्या फळ्या एकेक करून उतरवल्या. घराखाली ओंडके सारले. वरच्या वस्तीतला ओलेक्सा बैल घेऊन आला. भिंती दोरांनी बांधलेल्या, आत खाटेवर ब्राइंडेल, तिच्या मांडीवर पिसांची टोपली, असं ते घर गोठलेल्या जमिनीवरून कुरकुरत निघालं, तेव्हा ओलेक्सानं विचारलं, "हे काय, घरच सासरी चाललंय का?"

"चाललंय," ब्राइंडेल खिडकीतून म्हणाली, "आणि तू बैलांकडे बघ, नवरीकडे नको."

रात्रीपुरती ती कोपेलकडे झोपायची. पलंगावर काय गळतंय ते आता तिलाही कळलं आणि ती आणि तोयबा त्यावर एकत्र बोलू लागल्या, तेव्हा कोपेलला बाहेर थंडीत घर ढकलणं जास्त बरं वाटायचं.

रब्बींना मोजमापाची हौस होती. पहिल्या दिवशी भर दुपारी त्यांनी डोंगराच्या सावलीच्या कडेवर खुंटी ठोकली: घर इथवर आलं की सुटलो. दुसऱ्या दिवशी दुपारी पाहतात तर सावली खुंटीच्या पुढे. त्यांनी दुसरी खुंटी ठोकली. तीही सावलीनं गिळली. दिवस अजून लहान होत होते, सूर्य रोज थोडा खाली आणि सावली रोज थोडी लांब. घर पुढे जायचं तशी सावलीही पुढे जायची.

"मोठा भागीदार दावा हरायला तयार नाही," अन्शेल दोराला टेकून म्हणाला.

"तो हरत नाहीये," रब्बी धापा टाकत म्हणाले. "तोही ढकलतोय. फक्त त्याचं टोक वेगळं आहे."

बर्फ पडलं की काम थांबे. शब्बाथला थांबे. हिवाळ्यातल्या हनुक्का सणाचे दिवे लागले आणि संपले. त्यानंतरच्या शुक्रवारी भर दुपारी घर सावलीच्या कडेला टेकलं. रब्बींनी आपली खुंटी पाहिली. सावली आदल्या दिवशी जिथे होती तिथेच होती. "दिवस आता मोठे होणार, ती मागेच जाणार," ते म्हणाले.

कोपेलनं खांदा लावला. अजून दोन हात, म्हणजे दोन्ही खिडक्या उन्हात. बैलांनी ओढलं, पुरुषांनी रेटलं, आणि पुढचा ओंडका मधोमध चिरला. घर एका अंगाला फिरलं, वाकडं झालं आणि रुतलं. एक खिडकी उन्हात, दुसरी सावलीत, दार गावाकडे पाठ करून.

"दुसरा ओंडका," कोपेल म्हणाला.

रब्बींनी आकाशाकडे पाहिलं. हिवाळ्यातला शुक्रवार, दुपार झाली की संपलाच. "दोर सोडा," ते म्हणाले.

"रब्बी, एकच रेटा."

"अंघोळी व्हायच्यात, दिवे लागायचेत. सोडा."

लोक पांगले. ओलेक्सा बैल घेऊन वर गेला. कोपेल घराला वळसा घालून दाराशी आला. टोपी त्याच्या हातात होती. इतक्या वर्षांत त्यानं एवढं वाकडं काम केलं नव्हतं, आणि तेही सगळ्या गावादेखत, भागीदार म्हणून.

आत ब्राइंडेल खाटेवर होती. खिडकीतून आलेला उन्हाचा पट्टा तिच्या टोपलीवर पडला होता. ती एकेक पीस त्या पट्ट्यात धरून बघत होती आणि काट्याची पिसं न चाचपता बाजूला टाकत होती.

"मावशी, राहिलं अर्धं," कोपेल म्हणाला. "रविवारी करतो सरळ."

तिनं मान वर केली. उघड्या दारातून मागे डोंगर दिसत होता, तिच्या जुन्या जागेवर वाकून उभा, एक खांदा वर, एक खाली. तिनं तो इतक्या लांबून कधी पाहिला नव्हता.

"कोपेल," ती म्हणाली, "तो तिथे असा का राहिला असेल?"

"मला काय ठाऊक? त्याच्याकडचं काम."

"शुक्रवार झाला असेल."

कोपेल वळला आणि डोंगराकडे बघत उभा राहिला.

"रविवारी भट्टी तेवढी बांध," ब्राइंडेल पिसं आवरत म्हणाली. "दावा मागे घेतला म्हणून सांग रब्बींना. आणि पळ आता, न्हाणीघरात पाणी गार होईल."

कोपेलनं टोपी घातली. घर वाकडं असलं तरी आता तिथेच राहायचं होतं, म्हणून त्यानं दोन पाचरी शोधल्या, खालच्या बाजूला घट्ट ठोकल्या, आणि दिवे लागायच्या आत अंघोळीला पळाला.